इंग्लंडमधली खेडी आणि त्यांची पॅरिश: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डर्बीशायरमध्ये राहायला आल्यापासून मी इथल्या गावांचे जुने कागद वाचते आहे. इंग्लंडात स्थायिक झालेली मराठी मंडळी, शिकायला आलेली मुलं, सुट्टीत येणारे पाहुणे सगळेच मला साधारण तेच प्रश्न विचारतात. त्यांची उत्तरं एकदा सविस्तर लिहून ठेवावीत, म्हणून हे पान.

पॅरिश म्हणजे नक्की काय? त्याला मराठीत काय म्हणायचं?

एका चर्चच्या आणि त्याच्या धर्मगुरूच्या देखरेखीखाली येणारा मुलूख म्हणजे पॅरिश. वसईच्या मराठी ख्रिस्ती घरांत याला ‘धर्मग्राम’ म्हणतात, गोव्यात ‘फिर्गज’. दोन्ही शब्द मला आवडतात. पण इंग्लंडबद्दल लिहिताना ते अपुरे पडतात, कारण इथे पॅरिश फक्त धर्मापुरती राहिली नाही. सोळाव्या शतकापासून सरकारने एकेक काम तिच्या गळ्यात घातलं. १५५५च्या कायद्याने रस्त्यांची दुरुस्ती आली, १६०१च्या कायद्याने गरिबांचा सांभाळ आला. गावातल्या कर भरणाऱ्या लोकांची बैठक चर्चच्या व्हेस्ट्रीत, म्हणजे धर्मगुरूचे झगे ठेवायच्या खोलीत भरायची. म्हणून त्या बैठकीचंच नाव ‘व्हेस्ट्री’ पडलं. गावकीचा सगळा कारभार तिथे चाले.

पुढे १८६६च्या कायद्याने चर्चची पॅरिश आणि सरकारी पॅरिश वेगळ्या झाल्या, आणि १८९४ साली सरकारी पॅरिशला निवडून दिलेली परिषद मिळाली. या परिषदेसाठी मत द्यायचा आणि उभं राहायचा हक्क बायकांनाही होता, लग्न झालेल्यांनासुद्धा. संसदेच्या निवडणुकीत मत मिळायला त्यांना १९१८पर्यंत थांबावं लागलं. आज एकाच नावाच्या दोन पॅरिश असतात आणि त्यांच्या हद्दी जुळतीलच असं नाही. या पानावर मी ‘पॅरिश’ हाच शब्द वापरला आहे.

म्हणजे गाव आणि पॅरिश एकच ना?

नाही. कागद शोधताना सगळ्यात जास्त चुका इथेच होतात.

दक्षिणेत बऱ्याच ठिकाणी एक गाव, एक चर्च, एक पॅरिश असं जुळतं. उत्तरेत पॅरिश अवाढव्य असायच्या. लँकेशायरमधल्या व्हॉलीसारख्या पॅरिशमध्ये डझनावारी वस्त्या होत्या. अशा वस्तीला ‘टाउनशिप’ म्हणत आणि गरिबांसाठीचा करही तीच वेगळा गोळा करी. याशिवाय ‘मॅनर’ नावाची तिसरी चौकट होती. मॅनर म्हणजे जमीनदाराची मालमत्ता आणि त्याचं न्यायालय. एका पॅरिशमध्ये तीन मॅनर असू शकत, किंवा एक मॅनर दोन पॅरिशमध्ये पसरलेला असे. जमीन कोणाकडून कोणाकडे गेली हे मॅनरच्या दप्तरात सापडतं. जन्म, लग्न, मृत्यू पॅरिशच्या वह्यांत. चुकीच्या दारावर थाप मारली की ‘आमच्या गावाचं काहीच सापडत नाही’ असं वाटायला लागतं.

पॅरिशच्या हद्दी कोणी आखल्या?

बहुतेक दहाव्या ते बाराव्या शतकात त्या ठरत गेल्या. जमीनदाराने आपल्या मालमत्तेवर चर्च बांधलं की तिथल्या शेतकऱ्यांचा दशांश, म्हणजे उत्पन्नाचा दहावा हिस्सा, त्या चर्चला मिळायचा. हद्द म्हणजे दशांश कोणाला द्यायचा याची रेघ, म्हणून ती हलवायला कोणी सहजासहजी तयार होत नसे. नकाशे नव्हते तेव्हा ती डोक्यात ठेवावी लागायची. ईस्टरनंतर, स्वर्गारोहणाच्या सणाआधीच्या दिवसांत धर्मगुरू, गावातली वडीलधारी माणसं आणि पोरं मिळून शिवेवरून चालत. शिवेवरच्या दगडापाशी पोराला उचलून त्याची बैठक दगडावर आपटायची किंवा छडी मारायची, म्हणजे साठ वर्षांनी तो म्हातारा झाल्यावरही सांगेल की शीव इथून जाते. काही गावांत ही फेरी अजून निघते.

आमच्या गावाचं नाव १०८६च्या पाहणीत आहे असं फलकावर लिहिलंय. ही कसली पाहणी?

नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकल्यावर १०८५च्या नाताळात ग्लॉस्टरला दरबार भरवला आणि देशात कोणाकडे काय आहे ते मोजायचा हुकूम दिला. त्यातून जे दप्तर तयार झालं ते ‘डूम्सडे बुक’. त्यात तेरा हजारांहून जास्त ठिकाणं आहेत: किती नांगर, किती गिरण्या, किती कुरण, विल्यम येण्याआधी मालक कोण आणि आता कोण. मूळ प्रत लंडनमध्ये क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहे.

पण ही जमाबंदी आहे, जनगणना नाही. त्यातली माणसं म्हणजे कुटुंबप्रमुखांचे आकडे. सामान्य शेतकऱ्याचं नाव जवळजवळ कुठेच नाही. शिवाय नोंद मॅनरची असते, त्यामुळे एखाद्या गावाचं नाव नसलं तरी ते गाव तेव्हा नव्हतं असा अर्थ होत नाही.

मग सामान्य माणसाचं नाव पहिल्यांदा कधी येतं?

मॅनर न्यायालयाच्या गुंडाळ्यांत तेराव्या शतकापासून काही नावं येतात. बांध कोरला, दुसऱ्याच्या पिकात गुरं घातली, दंड झाला, अशी. पण गावातल्या प्रत्येकाचं नाव लिहायचं ही कल्पना १५३८ची. आठव्या हेन्रीचा मंत्री थॉमस क्रॉमवेल याने हुकूम काढला की प्रत्येक पॅरिशने एक वही ठेवावी आणि दर रविवारी आठवड्यातले बाप्तिस्मे, लग्नं आणि दफनं तीत लिहावीत. वही दोन कुलपांच्या भक्कम पेटीत ठेवायची, एक किल्ली धर्मगुरूकडे आणि दुसरी चर्चवॉर्डनांकडे, म्हणजे चर्चचा कारभार बघणाऱ्या गावकऱ्यांकडे. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला कुलपं तीन झाली. या पेट्या आजही कितीतरी चर्चमध्ये आहेत, ओकच्या खोडाला लोखंडी पट्ट्या मारलेल्या. लोकांना तेव्हा वाटलं होतं की नवा कर बसवण्यासाठीच ही यादी चालली आहे.

सुरुवातीच्या वह्या कागदाच्या होत्या. १५९८ साली त्या चर्मपत्रावर उतरवून काढायचा आदेश आला, आणि राणी एलिझाबेथ गादीवर आल्यापासूनच्या नोंदी तरी नक्की उतरवा असंही त्यात म्हटलं होतं. बऱ्याच धर्मगुरूंनी तेवढंच केलं. म्हणून इतक्या पॅरिशच्या वह्या १५३८ऐवजी १५५८पासून सुरू होतात. त्याच आदेशाने दरवर्षी एक नक्कल बिशपकडे जायला लागली. मूळ वही उंदरांनी खाल्ली असेल, जळाली असेल, तर ही नक्कल कामाला येते.

वही वाचायला लागलात की सरकारचा हात जागोजागी दिसतो. १६७०च्या दशकाच्या शेवटापासून दफनाच्या नोंदीशेजारी ‘शपथपत्र’ असा शेरा दिसतो: मृतदेह लोकरीच्याच कफनात गुंडाळला आहे, याची ती शपथ. देशातला लोकरीचा धंदा तगावा म्हणून हा कायदा होता आणि मोडला तर पाच पौंड दंड. १७८३ ते १७९४ या काळात प्रत्येक नोंदीवर तीन पेन्सचा कर होता आणि गरिबांना माफी होती, त्यामुळे कित्येक नावांपुढे गरीब असल्याची खूण दिसते. १७५४पासून लग्नाच्या नोंदीखाली वधूवरांची सही आली. माझ्या मते पॅरिशच्या कागदांतली ही सगळ्यात हलवून टाकणारी गोष्ट. ज्यांना लिहिता येत नसे त्यांनी फुली मारली आहे. शाई कुठे जास्त सांडलेली, कुठे फुलीची एक काडी दुसरीला पोचलेलीच नाही. त्या माणसाने आयुष्यात लेखणी बहुधा तेवढ्या एकाच वेळी हातात धरली असेल.

बायकांवर मात्र या वह्यांनी अन्याय केला आहे. १८१३ साली छापील रकाने आले, त्याआधीच्या अनेक वह्यांत बाप्तिस्म्याला फक्त बापाचं नाव आहे. लग्नाविना झालेल्या मुलाच्या नोंदीत मात्र आईचं नाव ठसठशीत येतं.

आमचे पूर्वज क्वेकर होते. त्यांच्या नोंदी का नाहीत?

क्वेकर, बॅप्टिस्ट, कॅथलिक या सरकारी चर्चबाहेरच्या ख्रिस्ती पंथांनी आपापल्या वह्या ठेवल्या. पण १७५४ ते १८३७ या काळात क्वेकर आणि ज्यू सोडून सगळ्यांना कायदेशीर लग्न सरकारी चर्चमध्येच करावं लागे. त्यामुळे कॅथलिक जोडप्याचं लग्न पॅरिशच्या वहीत सापडतं आणि मुलांचे बाप्तिस्मे सापडत नाहीत. १ जुलै १८३७पासून जन्म, लग्न, मृत्यूची सरकारी नोंद सुरू झाली.

तारखा जुळत नाहीत. मूल आईबापांच्या लग्नाआधी जन्मलेलं दिसतं!

बदनामी करण्याआधी महिना बघा. १७५२पर्यंत इंग्लंडात वर्ष २५ मार्चला बदलायचं. म्हणजे ‘फेब्रुवारी १६८०’ असं लिहिलं असेल तर आपल्या हिशेबाने ते १६८१. शालिवाहन शक, फसली सन, इसवी सन यांची सांगड घालायची सवय असलेल्या मराठी माणसाला हे जड जाऊ नये. १७५२ साली पंचांग बदललं आणि २ सप्टेंबरनंतर थेट १४ सप्टेंबर उजाडला.

अक्षराचंही तसंच. सोळाव्या-सतराव्या शतकातली ‘सेक्रेटरी’ वळणाची लिपी पहिल्या दिवशी अजिबात लागत नाही. ज्यांनी मोडी शिकायचा प्रयत्न केला आहे त्यांना हा अनुभव ओळखीचा वाटेल: आधी ठराविक शब्द ओळखायचे, मग त्यांतली अक्षरं बाहेर काढायची.

गरीब माणसाचं आयुष्य कळेल असं काही आहे का?

आहे, आणि माझ्या लेखी इंग्लंडच्या गावांचा खरा खजिना हाच.

१६०१च्या कायद्याने प्रत्येक पॅरिशने आपले गरीब आपणच पोसायचे ठरलं. दरवर्षी ‘ओव्हरसियर’ नेमायचे, कर गोळा करायचा आणि वाटायचा. त्यांच्या हिशेबवह्या म्हणजे गावाचं स्वयंपाकघर उघडून दाखवल्यासारख्या असतात. विधवेला आठवड्याचे पैसे, पोराला बूट, सदऱ्याचं कापड, सुईणीची मजुरी, कोळसा, शेवटी शवपेटी आणि थडगं खणणाऱ्याचे पैसे. कधीकधी एकाच म्हातारीचं वीस वर्षांचं आयुष्य अशा ओळींतून पुढे सरकतं आणि एका पानावर थांबतं.

पण ‘आपले गरीब’ म्हणजे कोण? त्यावर १६६२चा वस्तीचा कायदा आला. बाहेरून आलेला माणूस गावावर भार होईल असं वाटलं तर त्याला त्याच्या ‘हक्काच्या’ पॅरिशमध्ये परत धाडता येई. हक्क मिळण्याचे रस्ते ठरलेले होते: वर्षभर एकाच धन्याकडे चाकरी, कारागिराकडे उमेदवारी, वर्षाला दहा पौंड भाड्याची जागा. बायकोला नवऱ्याचीच पॅरिश. लग्नाविना झालेलं मूल जिथे जन्मेल तिथलं. या शेवटच्या नियमाने काय झालं असेल याची कल्पना करा. दिवस भरत आलेल्या बाईला शिवेपलीकडे नेऊन सोडायची गावांची धडपड चालायची, कारण मूल इथे जन्मलं तर त्याचा खर्च इथल्या करदात्यांवर.

वाद झाला की न्यायाधीशासमोर त्या माणसाची जबानी घेतली जाई. कुठे जन्मलो, कितव्या वर्षी कोणाकडे कामाला राहिलो, किती पगार ठरला, वर्ष पूर्ण व्हायच्या आत धन्याने का काढलं, लग्न कुठे केलं, मुलांची वयं काय. ज्याला सही करता येत नव्हती त्याचा जीवनवृत्तांत त्याच्या तोंडून, तारखांसकट, असा मिळतो. त्याला हाकलावं की नाही हे ठरवण्यासाठी हा कागद लिहिला गेला, हे वाचताना विसरू नये.

१८३४च्या नव्या कायद्याने हे काम पॅरिशकडून काढून अनेक पॅरिशच्या ‘युनियन’कडे दिलं आणि वर्कहाउसं, म्हणजे गरिबांना आत ठेवून मदतीच्या बदल्यात काम करायला लावणारी घरं, उभी राहिली. नॉटिंगहॅमशायरमधलं साउथवेलचं वर्कहाउस १८२४चं, म्हणजे त्याही आधीचं आणि पुढच्यांना नमुना ठरलेलं. ते आज बघता येतं. पुरुष, बायका आणि मुलं यांची अंगणं भिंतींनी वेगळी केलेली आहेत. नवरा भिंतीच्या या बाजूला, बायको त्या बाजूला.

टाइद म्हणजे काय, आणि टाइदचा नकाशा एवढा महत्त्वाचा का?

टाइद म्हणजे दशांश: धान्य, गवत, कोकरं, लोकर, दूध, अंडी या सगळ्यांतला दहावा हिस्सा चर्चला. मोठा दशांश, म्हणजे धान्य आणि गवत, रेक्टरचा. छोटा दशांश व्हिकारचा. रेक्टर आणि व्हिकार ही पॅरिशच्या धर्मगुरूचीच दोन पदं. गावात रेक्टर आहे की व्हिकार हे फलकावरून कळतं, आणि व्हिकार असेल तर बहुतेक वेळा त्या गावाचा मोठा दशांश कधीकाळी एखाद्या मठाने घेतलेला असतो. १५३६ ते १५४० या काळात मठ मोडले तेव्हा तो राजाच्या मर्जीतल्या माणसांकडे गेला. ‘टाइद बार्न’ म्हणून दाखवली जाणारी सगळी प्रचंड कोठारं दशांशाची नव्हती. ग्रेट कॉक्सवेलचं सुप्रसिद्ध कोठार ब्यूली मठाच्या स्वतःच्या शेतीचं होतं.

१८३६ साली दशांशाचं रोख रकमेत रूपांतर करायचं ठरलं. त्यासाठी अकरा हजारांहून जास्त ठिकाणांचे मोजणी-नकाशे काढले गेले. सोबतच्या यादीत प्रत्येक तुकड्याचा नंबर, मालक, कसणारा, शेताचं नाव, पीक की कुरण, क्षेत्रफळ. सात-बारा आणि गावनकाशा एकत्र करून दोनशे वर्षं मागे गेल्यासारखं आहे ते. शेतांची नावं मोठ्याने वाचा: एखादं डबक्यावरून, एखादं उपासमारीवरून, एखादं कधीच बुजून गेलेल्या गिरणीवरून.

कुंपणबंदीत गावांचं काय झालं?

मध्य इंग्लंडात जुनी शेती उघड्या पट्ट्यांची होती. गावाभोवती दोन-तीन प्रचंड शेतं, त्यांत प्रत्येकाचे लांब, अरुंद पट्टे विखुरलेले, मध्ये कुंपण नाही. सोबत सगळ्यांचं सामायिक कुरण. संसदेने १६०४ ते १९१४ या काळात पाच हजारांहून जास्त कायदे करून ही जमीन एकत्र केली, वाटली आणि कुंपणाआड घातली. सुमारे ६८ लाख एकर, म्हणजे देशाचा पाचवा हिस्सा. उत्पन्न वाढलं, हे खरं. पण ज्याच्याकडे जमीन नव्हती, फक्त सामायिक कुरणात एक गाय चारायचा आणि सरपण तोडायचा रिवाज होता, त्याच्या हाती काही लागलं नाही. छोट्या शेतकऱ्याला तुकडा मिळाला, पण कुंपण घालायचा आणि मोजणीचा खर्च परवडला नाही, म्हणून त्याने विकला. किती लोक असे उखडले गेले यावर इतिहासकार भांडतात. ज्या घराची गाय गेली त्याला मात्र काय गेलं ते नेमकं कळलं असणार.

जुनी व्यवस्था डोळ्यांनी पाहायची असेल तर नॉटिंगहॅमशायरमधल्या लॅक्स्टनला जा. वेस्ट फील्ड, साउथ फील्ड आणि मिल फील्ड ही तीन उघडी शेतं तिथे आजही कसली जातात: एकात गहू, एकात वसंतातलं पीक, एक पडीक, आणि दरवर्षी पाळी फिरते. नोव्हेंबरच्या अखेरीस गावातले शेतकरी पंच म्हणून गव्हाच्या शेतात फिरतात, कोणी नांगर रस्त्यावर किंवा गवताच्या पट्ट्यात घुसवला आहे का ते बघतात, हद्दीचे खुंट ठोकतात. नंतर मॅनरचं न्यायालय भरतं आणि दंड होतो. हे नाटक नाही, खरं न्यायालय आहे. गावाचा १६३५चा नकाशाही टिकला आहे, त्यात एकेक पट्टा आणि त्यावर राबणारी चिमुकली माणसं रंगवलेली आहेत.

इतर गावांत हिवाळ्यातल्या तिरप्या उन्हात कुरणाकडे बघा. गवताखाली लाटांसारखे उंचवटे दिसतात. ते जुने पट्टे. कुंपणबंदीनंतर तिथे नांगर फिरला नाही म्हणून टिकले.

काही गावं नकाशावरून नाहीशीच कशी झाली?

मध्ययुगातली सुमारे तीन हजार गावं उठून गेली. सगळं खापर १३४८च्या प्लेगच्या काळ्या साथीवर फोडायची सवय आहे, पण यॉर्कशायरमधल्या व्हॅरम पर्सीने वेगळंच सांगितलं. मॉरिस बेरेसफोर्ड आणि जॉन हर्स्ट यांनी तिथे १९५० ते १९९० अशी चाळीस वर्षं दर उन्हाळ्यात उत्खनन केलं. गाव साथीतून वाचलं होतं. ते उठलं १५००च्या सुमारास, कारण जमीनदाराला धान्यापेक्षा मेंढ्या फायद्याच्या वाटल्या आणि उरलेली घरं रिकामी करवली गेली. आज डोंगरउतारावर घरांचे चौथरे गवताखाली उठून दिसतात आणि दरीत छप्पर नसलेलं चर्च आहे.

डॉर्सेटमध्ये मिल्टन ॲबस हे गाव १७८०च्या सुमारास लॉर्ड मिल्टनने हलवलं, आपल्या वाड्यासमोरचा देखावा मोकळा व्हावा म्हणून. जुनं गाव पाडलं आणि टेकडीआड एकसारखी, गवती छपरांची नवी घरं बांधली. पर्यटक त्यांचे फोटो काढतात.

आणि डॉर्सेटमधलंच टाइनम. डिसेंबर १९४३मध्ये सैन्याच्या सरावासाठी गाव रिकामं करवलं. जाताना चर्चच्या दारावर चिठ्ठी लावली होती, की घरं आणि चर्च जपा, आम्ही एक दिवस परत येऊ. १९४८ साली सरकारने जमीन कायमची ताब्यात घेतली आणि कोणीही परतलं नाही.

ईमची गोष्ट खरी आहे का?

मला हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा विचारतात, विशेषतः कोरोनानंतर.

ईम हे डर्बीशायरच्या डोंगरातलं गाव. १६६५च्या उन्हाळ्याच्या शेवटी तिथल्या शिंप्याकडे लंडनहून कापडाचं गाठोडं आलं. लंडनात तेव्हा प्लेग होता. कापड दमट होतं, म्हणून जॉर्ज व्हिकर्स या कारागिराने ते शेकोटीपुढे वाळत घातलं. ७ सप्टेंबरला त्याचं दफन झालं. हिवाळ्यात साथ मंदावली आणि १६६६च्या उन्हाळ्यात भडकली.

गावाचा तरुण रेक्टर विल्यम मोम्पेसन आणि त्याच्या आधीचा, धर्मकायद्यामुळे पदावरून काढलेला थॉमस स्टॅनली यांचं एकमेकांशी पटण्याचं काही कारण नव्हतं. तरी दोघांनी मिळून गावाला राजी केलं. प्रार्थना चर्चऐवजी क्युक्लेट डेल्फ नावाच्या घळीत, उघड्यावर, घरटी अंतर ठेवून. आपापल्या माणसांना आपणच, घराजवळच पुरायचं. आणि गावाची वेस कोणी ओलांडायची नाही. शेजारच्या गावांची माणसं शिवेवरच्या दगडापाशी अन्न ठेवत. त्या दगडाला भोकं आहेत. त्यांत व्हिनेगर भरून नाणी टाकायची. चॅट्सवर्थहून अर्ल ऑफ डेव्हनशायरने रसद पाठवली. चौदा महिन्यांत सुमारे २६० माणसं गेली. मोम्पेसनची बायको कॅथरिन ऑगस्टमध्ये गेली. तिचं थडगं चर्चच्या आवारात आहे.

गावाबाहेर रायली म्हणून जागा आहे. मी पहिल्यांदा गेले तेव्हा धुकं होतं आणि चढावर कोणी नव्हतं. शेतात गोल, बुटकी दगडी भिंत आणि आत हॅनकॉक कुटुंबाच्या समाध्या. एलिझाबेथ हॅनकॉकने ऑगस्ट १६६६च्या आठ दिवसांत नवरा आणि सहा मुलं इथे पुरली. मदतीला कोणी येऊ शकत नव्हतं, म्हणून तिने स्वतः खड्डे खणले आणि प्रेतं ओढत आणली. त्या भिंतीपाशी उभं राहिलं की समोरची दरी पूर्ण दिसते, पलीकडच्या गावाची घरंसुद्धा.

आता खरं-खोटं. मृत्यू खरे आहेत, नावं नोंदवहीत आहेत. पण आज आपल्याकडे आहे ती वही १७०५च्या सुमाराची नक्कल आहे. साथीच्या आधी गावात किती लोक होते यावर मतभेद आहेत, त्यामुळे ‘गावातले इतके टक्के मेले’ अशी विधानं जपून घ्यावीत. ऐपतदार काही घरं आधीच निघून गेली होती आणि मोम्पेसनने आपली मुलंही बाहेर पाठवली होती. सगळ्या गावाने एकमुखाने बलिदान केलं, हे चित्र बरंचसं एकोणिसाव्या शतकात रंगलं. मला यामुळे ईम लहान झालं असं वाटत नाही. जे राहिले त्यांतल्या अनेकांना जायला जागाच नव्हती. तरी ते शिवेपर्यंत जाऊन परत फिरले. दरवर्षी ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी त्या घळीत अजूनही प्रार्थना होते.

गावांची नावं एवढी विचित्र का?

शेवट बघा. ‘-बी’ आणि ‘-थॉर्प’ डॅनिश वस्तीचे, ‘-टन’ आणि ‘-हॅम’ जुन्या इंग्रजीतले, वाडी-वस्ती या अर्थाचे. ‘-ली’ म्हणजे जंगलात केलेली मोकळी जागा. लेस्टरशायरमध्ये ॲपलबी मॅग्ना आणि ॲपलबी पार्वा आहेत. हे लॅटिन शब्द म्हणजे चक्क बुद्रुक आणि खुर्द. स्टोक मँडव्हिलसारख्या नावात दुसरा शब्द मालक घराण्याचा. आजच्या उच्चारावरून अर्थ लावू नका, सगळ्यात जुनं लेखन शोधा.

चर्चमध्ये गेल्यावर काय बघायचं?

गोल कमान असेल तर नॉर्मन, निमुळत्या उभ्या खिडक्या तेराव्या शतकाच्या, मोठाल्या काचांच्या सपाट कमानी पंधराव्या. सफोकमधलं लॅव्हनम बघा. लोकरीच्या व्यापाऱ्यांच्या पैशाने ते उभं राहिलं. पण माझा आग्रह आहे की भिंती जवळून बघा. हर्टफर्डशायरमधल्या ॲशवेलच्या चर्चच्या मनोऱ्यात चौदाव्या शतकात कोणीतरी टोकदार वस्तूने लॅटिन ओळी कोरल्या आहेत: साथीनंतर फक्त हीन-दीन जनता साक्षीला उरली, आणि मग एक भयानक वादळ आलं. कोणी कोरल्या ते तिथे लिहिलेलं नाही.

या सगळ्याचा मराठी माणसाशी काही संबंध?

वाँटेज हे तेव्हाच्या बर्कशायरमधलं बाजारगाव. १८८३ साली पंडिता रमाबाई आणि त्यांची मुलगी मनोरमा यांचा बाप्तिस्मा तिथे झाला. तिथल्या सेंट मेरी मठाच्या भगिनींकडे त्या राहत होत्या, आणि याच भगिनींचं काम पुण्यात पंचहौद मिशनमध्ये चालत असे. सरेमधल्या लिम्प्सफील्डच्या चर्चमध्ये माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनचं दफन आहे. पेशवाई बुडाली तेव्हाचा पुण्याचा रेसिडेंट, नंतर मुंबईचा गव्हर्नर. १८५९ साली तो त्या गावात वारला.

उलट दिशेनेही धागा आहे. मुंबई इलाख्यात जन्मलेल्या, लग्न झालेल्या, मेलेल्या इंग्रजांच्या चर्च-नोंदींच्या नकला लंडनला जात. त्या ब्रिटिश लायब्ररीत ‘इंडिया ऑफिस’च्या दप्तरात आहेत. खडकीच्या किंवा पुण्याच्या दफनभूमीत एखाद्या सैनिकाचं नाव वाचलंत तर त्याचं गाव शोधायची सुरुवात तिथून होते.

मी ज्या गावात राहतो त्याचा इतिहास शोधायला कुठून सुरुवात करू?

आधी चर्चमध्ये जा, युद्धस्मारकावरची आडनावं उतरवून घ्या. मग काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, अभिलेखागारात. शंभर वर्षांहून जुन्या पॅरिशच्या वह्या बहुधा तिथे जमा असतात. पेन नेऊ नका, फक्त पेन्सिल चालते. ‘व्हिक्टोरिया काउंटी हिस्टरी’ हा प्रकल्प १८९९पासून पॅरिशवार इतिहास लिहितो आहे आणि त्यातलं बरंच इंटरनेटवर फुकट आहे; तुमचं गाव त्यात असेल तर कित्येक महिने वाचतील. १८४१पासूनच्या जनगणनेत घरातल्या प्रत्येकाचं नाव मिळतं, १९२१पर्यंतची खुली झाली आहे.

आणि पहिल्याच दिवशी टाइदचा नकाशा मागवा. त्यात आपलं घर आज जिथे आहे तो तुकडा शोधा, नंबर घ्या, यादीत त्याचं नाव आणि तेव्हा तो कसणारा कोण होता ते वाचा. मग ते आडनाव घेऊन दफनाच्या वहीकडे वळा.